रद्दीच्या डब्यामागून: उरण ते तळोजा, एका शनिवारची सहल

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत लोक फिरायला फार लांब लांब जातात. दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब बालीला जाऊन आलं आणि महिनाभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला तिथला समुद्र किती स्वच्छ आहे ते सांगत होतं. मी आणि माझे वडील रद्दीच्या मागे गेलो. उरणला सुरुवात, तळोज्याला शेवट, एका दिवसात परत. व्हिसा लागत नाही, गर्दी नाही, आणि सेल्फी काढावा असं एकही ठिकाण वाटेत नाही. अशी सहल कुणाला करायची असेल तर म्हणून हे लिहिते आहे.

आधी मी काय करते ते सांगते, कारण सगळं त्यावरूनच सुरू झालं. मी वाशीला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात चौदा वर्षं नोकरी करते. परदेशातून बंदरात जो माल येतो तो सोडवून घ्यायला जे कागद लागतात, ते मी तयार करते. मालाचं वर्णन, वजन, कुठून आला, कुठे जाणार. 'मिश्र रद्दी कागद, पुनर्वापरासाठी' हे वर्णन मी इतक्या वेळा टाइप केलं आहे की पहिली दोन अक्षरं दाबली की पुढचं संगणक स्वतःच भरतो. आमची एक जुनी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, दर महिन्याला अशी परदेशी रद्दी मागवते. पर्यावरण दिनाला आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर तुळशीचं रोप ठेवून जाते. भली माणसं.

पप्पा तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि सोसायटीच्या बाकावर बसू लागले. बाकावर सगळे रिटायर बाप आपापल्या मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोलतात. एके संध्याकाळी ते वर आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "सुजा, तू नेमकं काय करायलीस गं तिथं?"

पप्पा परभणीकडचे. चाळीस वर्षं नवी मुंबईत काढली तरी बोलणं तिकडचंच.

"परदेशातून आलेला माल सोडवते."

"कुठं असतो माल?"

"उरणला."

"पाहिलास?"

"नाही."

"चौदा वर्षं?"

"कागद बरोबर असला की माल बघावा लागत नाही, पप्पा."

त्यांनी चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाले, "शनिवारी जाऊ. मला बघायचंय."

आमचं यार्डातलं, म्हणजे उतरलेले कंटेनर जिथे ठेवतात तिथलं, काम म्हात्रे बघतो. आठ वर्षं दिवसातून दहा वेळा फोनवर बोलतो, पण समोरासमोर भेट झाली असेल दोनदा, तीही दिवाळीच्या मिठाईपुरती. त्याला फोन केला. "म्हात्रे, शनिवारी रद्दीचा एक डबा सुटतोय ना?" कंटेनरला आमच्या धंद्यात डबा म्हणतात.

"हाय ना मॅडम. काय झाला?"

"वडिलांना दाखवायचाय."

तो म्हणाला, "मॅडम, पिरवाडीचा बीच दाखवा ना काकांना."

तरी आम्ही गेलो. कोपरखैरण्याहून नेरूळ, नेरूळला गाडी बदलून उरणची लाइन. तिकीट दोघांचं मिळून दोन वडापावांच्या आत. गाड्या कमी आहेत, वेळ बघून निघा, नाहीतर नेरूळच्या फलाटावर निम्मी सहल होईल. गाडीत हात-पाय पसरून बसता येतं. स्टेशनं एवढी मोठी आणि एवढी मोकळी की पुढच्या शतकातल्या प्रवाशांसाठी बांधल्यासारखी वाटतात. खिडकीतून कापलेल्या टेकड्या दिसतात. टेकडी कापून तिची माती खाडीत टाकायची, म्हणजे दोन्ही सपाट होतात आणि प्लॉट निघतात. पप्पांनी पिशवीत चपात्या आणि ठेचा घेतला होता, आणि पायात कंपनीचे जुने सेफ्टी बूट घातले होते.

"बूट कशाला?" मी विचारलं.

"कामाच्या ठिकानी चाललो ना आपन," ते म्हणाले.

द्रोणागिरीला उतरलो. म्हात्रे त्याची जुनी व्हॅन घेऊन उभा होता. पंचेचाळिशीचा, सावळा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. इतकी वर्षं ज्याच्या आवाजावर मी वैतागले होते तो माणूस असा लाजरा असेल असं वाटलं नव्हतं. त्याने पप्पांना पुढे बसवलं आणि सीट आधी रुमालाने पुसली.

बंदराकडचे रस्ते रुंद आणि चांगले आहेत. फक्त त्यांवर ट्रेलर उभे असतात. दोन्ही बाजूंना, मैलभर. चालक दोन ट्रेलरांमध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालतात, स्टोव्हवर डाळ शिजवतात. काहींचा मुक्काम तीन-तीन दिवस. पांढरे कपडे घालून जाऊ नका. आम्ही यार्डाशेजारच्या टपरीवर चहा घेतला, त्यात मला थोडं डिझेलही लागलं. तो बहुतेक वाऱ्याचा दोष.

यार्डाच्या आत आम्हाला सोडलं नाही. सुरक्षा फार कडक आहे. आत काय येतं ते कुणी फार बघत नाही, पण रिटायर माणूस आत जाऊ नये यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष असतं. काट्यापाशी, जिथे ट्रेलरचं वजन होतं, तिथल्या गेटातून म्हात्रेने बोट दाखवलं. "तो लाल. तो आपला."

माझा डबा. चौदा वर्षांत पहिला. एका बाजूला चेपलेला, गंजाचे ओघळ आलेले, आणि मागच्या कोपऱ्यातून काळं पाणी थेंब थेंब गळत होतं.

"रद्दी ओली कशी?" पप्पांनी विचारलं.

"जहाजातून येते ना काका, दोन-तीन महिने," म्हात्रे म्हणाला. पण ते त्याने दुसरीकडे बघत म्हटलं.

"उघडून बघितली का कुणी?"

"काल झाली ना तपासनी. दार उघडला, पुढची रांग बगितली. पुठ्ठाच होता."

"आनि मागची?"

म्हात्रेने कानामागे खाजवलं. "पुढची रांग कायम चांगली असते, काका."

डबा दुपारनंतर निघणार होता. म्हात्रेला त्याच्या मागोमाग पार्टीच्या तळोज्यातल्या गोदामात जायचं होतं, पोच घ्यायला. तोवर जेवायला त्याच्या आत्याकडे जाऊ, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. आत्याचं गाव यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून आहे. नाव लिहीत नाही, कारण म्हात्रेला तिथेच राहायचं आहे.

हिराआत्या साठीच्या पुढची, बारीक, ताठ. घराच्या मागे छोटी पडवी, पडवीपुढे नाला, नाल्यापलीकडे यार्डाची भिंत, आणि भिंतीवरून डोकावणारे एकावर एक पाच डबे. बाकीचं आकाश.

"तीन वाजले का आमचा सूर्य बुडतो," आत्या म्हणाली. "मंग लाइट लावायची." तक्रार म्हणून नाही, पाहुण्यांना घर दाखवतो तसं.

जेवण मात्र असं की त्यासाठी मी परत जाईन. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर कच्चा कांदा. पप्पांचा ठेचा आत्याने चाखला आणि डोळ्यांतून पाणी काढत दुसऱ्यांदा घेतला. जेवण झाल्यावर ती आम्हाला खाडी दाखवायला घेऊन गेली. घरापासून दोन मिनिटं. पर्यटकांसाठी सूचना: पाटी नाही, वाट विचारावी लागते, आणि पोचल्यावर खाडीही नाही.

तिथे सपाट मैदान होतं. लाल माती टाकून दाबलेलं, एका टोकाला दहा-बारा ट्रेलर उभे. मैदानाच्या पलीकडे कांदळवनाची काळी पडलेली खोडं आणि मध्ये पाण्याची एक रेघ.

"हितं गुडघाभर चिखल होता," आत्या म्हणाली. "ओहोटी लागली का मी निवट्या धरायची, चिखलातली मासळी. नुसत्या हातानी. चिखलात हात घातला का कळायचं, हाय का नाय. माझ्या सासूनी शिकवलेला. उरनच्या बाजारात माझ्या टोपलीला बाया थांबून ऱ्हायच्या."

"आता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आता कोनाच्या घरी भांडी घासते."

मैदानाच्या कडेला माती ढासळली होती आणि आतलं दिसत होतं. वर वीतभर लाल माती, खाली सगळं प्लास्टिक. थर बसलेलं, दाबलेलं, रंगीत. पप्पांनी वाकून एक चपटी बाटली ओढून काढली. त्यावरची अक्षरं आम्हाला कुणाला वाचता आली नाहीत.

"ही आपल्याकडची नाय," ते म्हणाले.

"टेम्पो येतो सकाळचा," आत्या म्हणाली. "मागं मोर काढलाय. दोन-तीन फेऱ्या टाकून जातो. तळोज्याकडनं येतो म्हनतात. गावातल्या पोरांनी एकदा अडवला, तर दुसऱ्या दिवशी पोरांनाच चौकीत बसवून ठेवला."

म्हात्रे तिच्या शेजारी उभा होता. "मला नाय बोललीस कंदी."

"तू सकाळी झोपलेला असतोस," आत्या म्हणाली.

पप्पा ती बाटली हातात घेऊन तसेच उभे होते. मग त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते माझ्याशी नव्हतं, आत्याशी होतं.

"बाई, मी रंगाच्या कंपनीत होतो. तीस वर्षं. आमच्या मागं एक टाकी होती, घान पान्याची. ते पानी साफ करून सोडायचं असतं. पावसाळ्यात जोराचा पाऊस लागला की साहेब सांगायचा, वॉल्व्ह खोला. पावसाच्या पान्यात रंग कळत नाही. तो वॉल्व्ह खोलायचं काम माझं होतं."

मी त्यांची मुलगी. मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या नखांत निळा, हिरवा रंग असायचा तो आठवला. शाळेत असताना मी तो मैत्रिणींना कौतुकाने दाखवायचे.

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. "आमच्याकडं निळा पानी कंदी नाय आला," ती म्हणाली. "आमच्याकडं काळाच येतो. तुमचा दुसऱ्या कोनाकडं गेला असंल."

यात माफी होती की नव्हती, मला अजून कळलेलं नाही. तिने पप्पांच्या हातातली बाटली घेतली आणि त्याच ढासळलेल्या कडेला परत खोचली, कपाटात वस्तू जागेवर ठेवावी तशी.

दुपारी आमचा डबा ट्रेलरवर चढून निघाला आणि आम्ही त्याच्या मागे. गव्हाण फाटा, पळस्पे, कळंबोली, तळोजा. अंतर फार नाही, पण ट्रेलरच्या वेगाने गेलात तर महाराष्ट्र किती मोठा आहे हे कळतं. खिडक्या बंद ठेवा. वाटेत उसाचा रस चांगला मिळतो. डबा सबंध रस्ताभर गळत होता, त्यामुळे चुकण्याची भीती नव्हती. मागच्या ओल्या रेघेवर नजर ठेवली की पुरे.

गोदामाच्या दारावर मोठा हिरवा बोर्ड आहे. त्यावर झाड, झाडाखाली दोन हात, आणि 'धरती आपली आई'. आत सुपरवायझर भेटला. म्हात्रेला ओळखत होता. मी वाशीच्या ऑफिसातून आले आहे म्हटल्यावर खुर्ची दिली, पप्पांना पाणी दिलं. मी मोबाइल काढून फोटो घेऊ लागले तर म्हणाला, "घ्या ना मॅडम, घ्या. आपलं सगळं ग्रीन काम आहे." त्यामुळे मी घेतले.

डबा उघडला. पहिल्या तीन रांगा पुठ्ठ्याच्या गाठी. कोरड्या, नीट, तारेने बांधलेल्या. मला क्षणभर फार बरं वाटलं. मग चौथी रांग ओढली. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही, तुमच्यातले काही जण जेवताना वाचत असतील. गाठ तोडली आणि ती फुटून सगळीकडे पसरली. कागद होता. कागद, त्यात वापरलेले डायपर, दुधाचे डबे, वेफर्सची पाकिटं, तुटलेली खेळणी, औषधांच्या पट्ट्या आणि खालच्या थरात सडून लगदा झालेलं काहीतरी. मिश्र म्हणावं तर मिश्र होतंच. मी खोटं लिहिलं होतं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

पाच-सहा बायका ढिगाभोवती बसून निवडत होत्या. पायात रबरी चपला, हातमोजे फक्त एकीच्या हातात, तेही दोन वेगळ्या रंगांचे. पप्पा तिच्याजवळ गेले. दोन शब्दांत त्यांना गाव कळलं. ती जिंतूरची, पारूबाई. पप्पांचा तालुका.

"इकडं कधी आलाव?"

"झाली की सात-आठ वर्षं. पोरगी दहावीला हाय."

पप्पा खाली बसले. सेफ्टी बूट घातलेली माणसं खाली बसली की गुडघे वाजतात. त्यांनी बाही वर केली आणि निवडायला लागले. पुठ्ठा इकडे, बाटली तिकडे. सुपरवायझर हसला, म्हातारा आहे, बसू दे म्हणाला. मी उभी होते. मला बसवेना, आणि उभं राहणंही जमेना.

पारूबाईने ढिगातून एक पिशवी काढून माझ्याकडे धरली. चांगली जाड, त्यावर निळ्या पाण्यात पोहणाऱ्या कासवाचं चित्र आणि इंग्रजीत दोन ओळी. "ताई, काय लिवलंय वो? लई येतात असल्या."

मी वाचून सांगितलं. "मी समुद्रात जात नाही. माझा पुनर्वापर होतो."

तिने पिशवी उलटसुलट करून बघितली. "मंग हितं कशाला आली?" म्हणाली, आणि शेजारणीला सांगून हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

मी सुपरवायझरला विचारलं, पुठ्ठा गिरणीत जातो, चांगल्या बाटल्या विकल्या जातात, मग बाकीच्याचं काय करता? तो म्हणाला, "त्याला कोण घेणार मॅडम? भरावाला जातं. टेम्पोवाला आहे आपला."

टेम्पो मागच्या दाराशी उभा होता. मी वळून बघितलं तेव्हा म्हात्रे आधीच त्याच्यामागे उभा होता. फाळक्यावर मोर होता. पिसारा फुलवलेला, चांगला काढलेला. म्हात्रे आठ वर्षं या गोदामात पोच घ्यायला येत होता. पुढच्या दाराने यायचा, सही घ्यायचा आणि जायचा. मागच्या दाराशी त्याचं कधी कामच पडलं नव्हतं. त्याने खिशातलं पेन काढलं, टेम्पोचा नंबर तळहातावर लिहिला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.

परतीला त्याने आम्हाला कळंबोलीच्या स्टॉपवर सोडलं. तिथून कोपरखैरण्याची बस. खिडकीशेजारी बसलेल्या पप्पांच्या हातांना तो वास होता, माझ्या कपड्यांनाही. पुढच्या सीटवरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. शिरवणे आल्यावर पप्पा म्हणाले, "मला तीस वर्षांत कुणी विचारलं नाही, वॉल्व्ह का खोलतोस. मीबी कुणाला विचारलं नाही. पगार वेळेवर यायचा."

"मी पण नाही विचारलं," मी म्हटलं.

"तू लहान होतीस."

"ऑफिसात, पप्पा."

त्यांनी वर केलेली बाही खाली ओढली.

सोमवारी मी फोटो घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. आमचे सर आवाज चढवत नाहीत, ही त्यांची ख्याती आहे. त्यांनी सगळे फोटो शांतपणे बघितले, एक मोठा करून बघितला आणि मोबाइल परत दिला. "मॅडम, आपण माल बघत नाही. आपण कागद बघतो. कागदात चूक आहे का?"

"त्याच पार्टीचे अजून दोन डबे या आठवड्यात उतरताहेत, सर. तेच वर्णन आहे."

"मग तेच टाइप करा."

मी जागेवर येऊन बसले. टेबलावर तुळस होती. संगणकावर पहिली दोन अक्षरं दाबली आणि पुढचं सगळं आलं, नेहमीसारखं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी ते पुढे पाठवलं नाही. मग खाली जाऊन म्हात्रेला फोन केला आणि सांगितलं की मी फोटो आणि टेम्पोचा नंबर लिहून कस्टमच्या वरच्या कचेरीला पाठवते आहे, माझ्या नावाने. त्याचं नाव येणार नाही.

"माझा बी लिवा," तो म्हणाला.

"म्हात्रे, नोकरी जाईल. तुम्हाला दोन मुलं आहेत."

"मॅडम, नंबर माझ्या हातावर लिवलेला हाय. तुमी कुठशी आनलात म्हनून सांगाल?"

दोघांची नावं लिहिली. पत्र साधं होतं, एक पान. मी चौदा वर्षांत लिहिलेलं पहिलं वर्णन, जे संगणकाला आधी माहीत नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल की काहीच झालं नाही. तसं नाही, झालं. ते दोन डबे पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत उघडले गेले. आत काय निघालं ते सांगायला नको. माल अडवला, परत पाठवायचा आदेश निघाला. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं. मग आयात विभागातून निर्यात विभागात बदली केली, म्हात्रेला दुसऱ्या यार्डात टाकलं, पगार दोघांचा तेवढाच. काढून टाकलं तर प्रश्न विचारले जातील, हे त्यांना कळतं. पार्टीने आपलं काम आमच्याकडून काढून घेतलं आणि आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या एजंटकडे दिलं. रद्दी येते आहे. फक्त लिफ्टचं बटण बदललं. तुळशीची रोपंही या वर्षी वरच्या मजल्यावर गेली.

आणि ते दोन डबे? परत पाठवायचे तर पाठवणाऱ्याने परत घ्यायला हवेत. पाठवणारा पत्रांना उत्तर देत नाही. तोपर्यंत डबे यार्डात ठेवले आहेत, कुणाला वास येऊ नये म्हणून अगदी मागच्या कोपऱ्यात. भिंतीला लागून. भिंतीपलीकडे नाला आहे आणि नाल्यापलीकडे हिराआत्याची पडवी. तीन आठवड्यांनी म्हात्रेचा फोन आला. "मॅडम, आत्या विचारते, ते तुमचे दोन डबे कवा जानार?"

तुमचे. बरोबरच होतं.

मी पप्पांना घेऊन पुन्हा गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आत्याने आम्हाला पडवीत बसवलं, चहा दिला. वास येत होता. मी म्हटलं, "आत्या, माझ्यामुळे झालं हे."

"टेम्पो महिनाभर नाय आला," ती म्हणाली. "आता येतो. मोर खरवडून टाकलाय. पन आता गावातल्या पोरांकडं तुझ्या पत्राची नक्कल हाय, माझ्या भाच्यानी दिलेली. चौकीत दाखवली, तर ह्या वेळी कोनाला बसवून नाय ठेवला."

एवढंच. ती त्याला विजय म्हणाली नाही, मीही म्हणत नाही. पोरं दर सकाळी रस्त्यावर उभी राहतात. कधी टेम्पो परत फिरतो, कधी दुसऱ्या वाटेने घुसतो. डब्यांसाठी मी दर पंधरा दिवसांनी एक पत्र लिहिते, पप्पा ते पोस्टात टाकायला जातात आणि पोचपावत्या बिस्किटांच्या पुड्याला येणारं रबर लावून ठेवतात.

कुणाला जायचं असेल तर थंडीत जा, वास कमी असतो. पायात बंद बूट हवेत. पाणी घरूनच न्या. बालीपेक्षा स्वस्त पडतं आणि काय काय सोबत येतं ते परतल्यावर कळतं. मला आता दुकानात कुठलीही वस्तू उचलली की ती उलटी करून बघायची सवय लागली आहे, कुठून आली ते. घरातले वैतागतात. निर्यात विभागात तर फारच त्रास होतो, कारण तिथे माल आपल्याकडून जातो आणि आपल्या मागे काय राहतं याचा रकानाच फॉर्ममध्ये नाही.

गेल्या रविवारी म्हात्रे घरी आला. पहिल्यांदाच. हातात थर्माकोलचं खोकं. आत्याने चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पाठवल्या होत्या, मोठ्या, जिवंत, नांग्या बांधलेल्या. पप्पांचा चेहरा उजळला.

"खाडीतल्या काय?" त्यांनी विचारलं.

"नाय काका," म्हात्रे म्हणाला. "वाशीच्या मार्केटातल्या. आत्या सोता येऊन घेऊन गेली ना, काल. खाडीतल्या तुमाला कशा देनार?"

त्याला जेवायला थांबवून घेतलं. मी वाटण केलं, घरभर वास सुटला. खोकं टाकायला उचललं तेव्हा सवयीप्रमाणे उलटं करून बघितलं. खाली चिकटवलेल्या कागदावर आंध्रातल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. मी ते मोठ्याने वाचलं.

पप्पा नांगी फोडत होते. ते थांबले. "तिथली खाडी कशी असंल गं?"

"खा तुम्ही आधी," मी म्हटलं. "गार होतंय."